आयकर नोटीस पडताळणी: कागद ओळखते, फोनवरचा साहेब नाही

कोल्हापुरात गुजरीतला सराफ असो की उद्यमनगरातला फौंड्रीवाला, फोन ठरलेला. "आयकर ऑफिसातून बोलतोय. तुमच्या पॅनवर डिमांड, म्हणजे थकलेला कर, निघालीय. पाचच्या आत भरा, नाहीतर खातं गोठवतो." मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर गोल शिक्क्याची नोटीस. ती खरी की बनावट हे तपासायची सोय आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर फुकट आहे. वापरतात मात्र मोजकेच.

पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करायचा, आलेल्या लिंकवरून जायचं नाही. मुख्य पानावर 'क्विक लिंक्स'मध्ये 'ऑथेंटिकेट नोटीस/ऑर्डर' आहे. लॉगिनची गरज नाही. नोटिशीवरचा डीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) आणि आपला मोबाइल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी त्याच पानावर भरायचा (फोनवरच्याला वाचून दाखवायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच). १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर हा क्रमांक लागतोच; अपवाद थोडे, तेही वरिष्ठांच्या लेखी मंजुरीने. डीआयएन वाचता येत नसेल तर पॅन, आकारणी वर्ष आणि तारखेवरूनही शोध घेता येतो. तारीख मात्र नोटीस काढल्याची हवी, हातात पडल्याची नव्हे. गफलत बहुतेक इथंच होते.

सेवेची खरी उणीव वेगळी. ती कागद तपासते, माणूस नाही. कुणाची खरी नोटीस भामट्याच्या हाती लागली तर डीआयएन बरोबरच दाखवणार. म्हणून लॉगिन करून 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' उघडावं. तिथं रक्कम नसेल तर फोनवरच्याशी वाद घालत बसू नये, फोन ठेवावा. असेल तर आधी सीएला दाखवावी आणि 'ई-पे टॅक्स'मधूनच भरावी. कुणाच्या यूपीआय आयडीवर कर भरला जात नाही. 'रिफंडसाठी' म्हणून आलेली एपीके फाइल (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी) हीही उघडू नये. रिफंड पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या बँक खात्यातच येतो.

जीएसटीची नोटीस इथं सापडणार नाही. केंद्रीय जीएसटीचा डीआयएन सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ) संकेतस्थळावर तपासतात. दोन्ही खात्यांची एकच खिडकी असती तर व्यापाऱ्यांची धावपळ वाचली असती.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि खाते क्रमांक समोर ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तिच्यावर होल्ड लागला, म्हणजे ती रोखली गेली, तरच हाती काही उरतं, म्हणून सगळी घाई पहिल्या तासाची. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार भरा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. पोलीस ठाण्यात तो लागतो.

नुसताच फोन आला, पैसे गेले नाहीत, तर १९३० अडवू नका. तो नंबर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू' या संशयित फोनच्या तक्रार सेवेवर नोंदवा.