भाडेकरारांची यादी: फिल्टर, पॉवर क्वेरी की मॅक्रो?

सोसायटीतल्या भाडेकरूंच्या ११ महिन्यांच्या करारांची नोंद एक्सेलमध्ये आहे. करार संपायची तारीख आपोआप यायला हवी आणि महिन्याभरात संपणारे करार दुसऱ्या शीटवर दिसायला हवेत.

यासाठी फिल्टर, पॉवर क्वेरी आणि मॅक्रो असे तीन मार्ग आहेत. मार्ग कुठलाही घ्या, तारीख ईडेट (EDATE) फंक्शननेच काढा; दिलेल्या तारखेपासून ठरावीक महिने पुढची तारीख ते देतं. ११ महिने म्हणजे ३३० दिवस नव्हेत. १ एप्रिल २०२५ च्या करारात ३३० मिळवले तर २५ फेब्रुवारी २०२६ येते. ईडेटने ११ महिने पुढे जाऊन एक दिवस वजा केला की येते २८ फेब्रुवारी, आणि करार संपतो तो त्याच दिवशी. कोणी ठिपके देऊन तारीख टाइप केली, तर एक्सेल तिला नुसता मजकूर समजू शकतं. ती सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसली की शंका घ्या.

दुसऱ्या शीटसाठी माझी पहिली पसंती फिल्टर (FILTER) फंक्शनला, म्हणजे अटीत बसणाऱ्या ओळी दुसरीकडे दाखवणाऱ्या फॉर्म्युल्याला. ते गूगल शीट्समध्ये आहे, एक्सेलमध्ये २०२१ च्या आवृत्तीपासून. २०१९ मध्ये नाही. आजपासून ३० दिवसांची अट घातली की यादी रोज स्वतःच बदलते. पण त्या यादीशेजारी ‘फोन केला’, ‘घर सोडणार’ असे शेरे लिहू नका. वर एक नाव वाढलं की नावं खाली सरकतात, शेरे जागीच राहतात, आणि राहणाऱ्या कुटुंबापुढे ‘घर सोडणार’ दिसू लागतं. शेरे मूळ शीटमध्येच लिहा, फिल्टर ते सोबत घेऊन येईल.

पॉवर क्वेरी, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एक्सेलमध्ये ओढून आणणारी सोय, एक्सेल २०१६ पासून आतच आहे. प्रत्येक विंगची फाइल वेगळी असेल तर त्या एकत्र करायला हिच्याइतकं सोयीचं काही नाही. मात्र रिफ्रेश केल्याशिवाय नवं काही दिसत नाही. एकच फाइल असेल तर हिची गरज नाही.

मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लागतो तो संपलेले करार मूळ शीटमधून काढून जुन्या नोंदींत कायमचे हलवायला. हे फॉर्म्युल्याला जमत नाही. पण मॅक्रोने केलेलं काम कंट्रोल-झेडने परत येत नाही आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये तो चालत नाही. ओळी काढताना तो खालून वर जायला हवा. वरून खाली गेला तर एक ओळ काढली की तिच्या जागी आलेली पुढची ओळ तपासायची राहून जाते. एका इमारतीच्या सोसायटीने हे काम वर्षातून एकदा, फाइलची प्रत ठेवून, हाताने केलं तरी भागतं.