घरी बनवलेला व्हॅक्यूम फॉर्मिंग टेबल: एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, घाईत असाल तर इथूनच कल्टी मारा. टेबल भारी आहे, पैसे वसूल, ५ पैकी ४ स्टार. एक स्टार कापलाय तो हीटरचा, आणि त्यातलाही अर्धा खरं तर आमच्या गावातल्या संध्याकाळच्या व्होल्टेजचा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लास्टिकची शीट चौकटीत पकडायची, तापवून मऊ करायची, साच्यावर दाबायची आणि खालून हवा ओढायची, की शीट साच्याला गच्च बसते, गार झाली की तोच आकार धरून राहते. फ्रीजच्या आतलं पांढरं अस्तर, गोळ्यांची पाकिटं, बिस्किटाच्या पुड्यातला ट्रे, सगळी याच घराण्यातली मंडळी. आपण म्हणतो खालून ओढलं, पण खरं काम वरची हवा करते, समुद्रसपाटीला तिचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो असतो आणि आम्ही मालवणवाले तर समुद्राच्या कडेलाच बसलोय, म्हणजे पूर्ण माप मिळतं.

मला हे लागलं दोन कामांसाठी. आईचा बचत गट मुठेलाचे, म्हणजे घरी काढलेल्या खोबरेल तेलाचे, साबण करतो त्याचे साचे, आणि गणपतीच्या मखराची नक्षीची पॅनेलं. २०१८ पासून थर्माकोलची मखरं बंद झाली, त्यानंतर कापड, बांबू, पुठ्ठा सगळं करून झालं, पण पुठ्ठा भाद्रपदातल्या दमट हवेत चतुर्थीपासूनच मान टाकायला लागतो. एचआयपीएसच्या (पॉलिस्टायरीनचा चिवट प्रकार) शीटवर कमान काढून सोनेरी रंग मारला की तेच मखर दरवर्षी माळ्यावरून खाली येतं, आणि मुंबईचे चाकरमानी विचारतात कुठून आणलंस.

आता टेबल. वरचा भाग ४० बाय ४० सेंटीमीटर, खाली पोकळ डबा, वरच्या फळीला साधारण दोन-दोन सेंटीमीटरवर बारीक भोकं, बाजूला प्लंबरकडचा ४० एमएमचा पाईप बसवलाय त्यात व्हॅक्यूम क्लीनरची नळी जाते. बस एवढंच. पण डब्याच्या आत मधे मधे लाकडाचे ठोकळे टेकू म्हणून द्या, हे बरेच जण व्हिडिओत दाखवत नाहीत. हिशोब करा ना, साध्या क्लीनरने हवेच्या दाबाच्या पाचवा हिस्सा जरी ओढला तरी १६०० चौरस सेंटीमीटरवर ३२० किलो वजन येतं, टेकू नसेल तर फळी मधे खोलगट होणार आणि साचा हलणार.

फळीसाठी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, घेऊ नका. पुण्याकडचे लोक बिनधास्त एमडीएफ वापरतात, त्यांचं चालतं, इथे जून लागला की त्याच्या कडा फुगतात आणि सील गेलं. मरीन प्लाय महाग पडतो पण १८ एमएमचा घ्या, कापलेल्या कडांना आणि भोकांनासुद्धा वॉर्निश पाजा. चौकट लोखंडी अँगलची करून द्यायला शेजारचा वेल्डिंगवाला तयार होता, मी ॲल्युमिनियमची करून घेतली, खाऱ्या हवेत लोखंडाला रंग मारत बसायला कोणाला वेळ आहे, आणि गंजाचा कण तापलेल्या शीटवर पडला की पांढऱ्या मखरावर तांबडा ठिपका कायमचा. कडेने दरवाजाला लावतात ती फोमची पट्टी, ती मात्र तापून चपटी होते, दोनेक महिन्यांनी बदलायची, स्वस्त असते.

ओढण्याचं काम करायला मी ओल्या-सुक्याचा व्हॅक्यूम क्लीनर वापरतो. घरातला साधा पण चालतो, पण बऱ्याच साध्या मशीनमधे मोटर गार होते तीच ओढलेल्या हवेवर, इथे शीट बसली की हवा बंद, मग मोटर तापत राहते. आकार धरला, शीट कडक झाली की लगेच बंद करायचा, उगाच चालू ठेवायचा नाही. ओल्या-सुक्याच्या बऱ्याच मॉडेलमधे मोटरला वेगळा गारवा असतो म्हणून तो सुचवतो. क्लीनर हवा भराभर ओढतो पण खोल ओढत नाही, व्हॅक्यूम पंपाचं बरोबर उलटं, खोल ओढतो पण हळू, म्हणून पंपाला मधे टाकी लागते, आधी टाकी रिकामी करून ठेवायची आणि शीट साच्यावर टेकली की व्हॉल्व्ह एकदम उघडायचा. १ एमएमपर्यंतची शीट आणि गोलसर साचे असतील तर क्लीनर पुरेसा आहे. साबणावर बारीक अक्षरं उठवायची असतील तर नाही. आमच्या गटाला साबणावर नाव हवं होतं, अक्षरं जरा जाड करून घेतली तेव्हा कुठे नीट उठली.

आता येतो हीटरवर, कारण या टेबलात सगळी गंमत आणि सगळी कटकट तिथेच आहे. लोक पंपावर पैसे घालतात आणि शीट तापवायला एखादी जुनी शेगडी लावतात, ते साफ उलटं आहे. शीट सगळीकडे सारखी तापली नाही तर कितीही जोरात ओढा, थंड कोपरा बसणारच नाही आणि गरम मधला भाग पातळ होऊन फाटेल. माझ्याकडे क्वार्ट्झच्या नळ्या आहेत, सगळ्या मिळून २००० वॅट, शीटपासून चार-पाच इंचांवर, वर पत्र्याचा चकचकीत रिफ्लेक्टर. मधली नळी जरा लांब आणि कडेच्या जवळ घेतल्यात, कारण चौकट कडेची उष्णता खाते. तरी कोपरे थोडे मागेच राहतात, म्हणून स्टार कापला.

आणि व्होल्टेज. कागदावर २३०, आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, मोटरी आणि होमस्टेवाल्यांचे एसी चालू झाले की मीटरवर १९० पण बघितलंय. आता कोणी म्हणेल २३० चं १९० म्हणजे काय मोठं, पण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते, म्हणजे २००० वॅटचा हीटर साधारण १३६० वर येतो, तिसरा हिस्सा उष्णता गायब! म्हणून नेटवर जे लिहिलेलं असतं ना की अमुक शीटला इतके सेकंद, ते आमच्याकडे सकाळी एक आणि संध्याकाळी भलतंच होतं. घड्याळ बाजूला ठेवा, शीट बघा. एचआयपीएस तापायला लागली की आधी ती वेडीवाकडी लाटा मारते, मग एकदम ताणून सपाट होते, आणि मग मधून सारखी खाली झोळ सोडते. तो झोळ आला की लगेच टेबलावर. आई पहिल्यांदा बघायला आली तेव्हा म्हणाली, "अरे, पापड भाजतस काय?" आणि खरंच तसंच आहे, पापड भाजणारी बाई सेकंद मोजत नाही. तापमानात सांगायचं तर एचआयपीएसला साधारण १५० ते १७५ अंश लागतात, इन्फ्रारेड गन असेल तर बघा, पण डोळा बसला की गरज पडत नाही.

वायरिंगमधे कंजूषी नको. हीटर आणि क्लीनर मिळून १४ अँपिअरच्या आसपास जातात, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं तर बोर्डच आधी फॉर्म होईल. वेगळ्या लाईनी, अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच), पावसाळ्यात ओल्या पायाने काम करणाऱ्यांनी तर नक्कीच. अजून एक, हीटरच्या मागे टाकायला घराचा जुना सिमेंटचा पत्रा कापून वापरायचा जुगाड करू नका, तसल्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, कापताना धूळ छातीत जाते.

शीटचं सांगायचं तर ही इथे मिळत नाही, कोल्हापूर किंवा मुंबईहून पार्सलने मागवावी लागते. एका ऑनलाईन विक्रेत्याने नवी म्हणून रिसायकल माल पाठवला, तापवला की काळे ठिपके आणि कुठे कुठे भोकं, पैसे परत मिळवायला घाम निघाला. तेव्हापासून आधी एकच शीट सॅम्पल मागवतो. पावसाळ्याचा खरा घोळ एबीएस, ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटमधे आहे, ही प्लास्टिकं हवेतली ओल पितात आणि तापवली की आतून बुडबुडे येतात. एबीएस असेल तर ८० अंशांवर दोन-चार तास सुकवून घ्यावी लागते. एचआयपीएसला हा त्रास जवळजवळ नाही, म्हणून कोकणात सुरुवात तिच्यापासून करा. पीव्हीसी जास्त तापली की आम्लाचा धूर सोडते, नाकाला आणि हत्यारांना दोघांनाही वाईट, मी तिच्या वाटेला जात नाही. पारदर्शक पीईटीजी दिसायला छान आणि फॉर्म पण सोपी होते, पण कॉस्टिक घालून करतात तो साबण तिच्यात ओतू नका, तीव्र अल्कलीने ती खराब होते.

साचे मी फणसाच्या लाकडाचे करतो कारण घरी पडलेलं आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस सोपं, पण जुलैत ते सुकतच नाही, आणि ओला साचा गरम शीटखाली वाफ सोडतो. साच्याच्या बाजूंना ४-५ अंशांचा उतार हवा, खोल कोपऱ्यात १ एमएमची भोकं हवीत, आणि दोन साच्यांमधे उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्तच अंतर सोडा नाहीतर मधे शीटची घडी पडते. खाली आत वळलेला भाग अजिबात नको. एका दशावतारी मंडळाने गणपतीचा मुखवटा मागितला होता, पण सोंड आत वळलेली, फॉर्म झाल्यावर साचा बाहेर निघणारच नाही. सोंड वेगळी, चेहरा वेगळा करून चिकटवायचं सुचवलं, त्यांना पटलं नाही, लाकडाचाच बरा म्हणाले. रागावलो नाही, लाकडाचाच चांगला दिसतो.

हे सगळं घरी करण्यापेक्षा तयार का घेऊ नये? मायकू कंपनीचा फॉर्मबॉक्स २०१७ मधे जाहीर झाला, तो पण घरच्या क्लीनरवरच चालतो, दिसायला देखणा, पण काम २० बाय २० सेंटीमीटरवरच, त्यात मखराची कमान सोडाच, एक फुलसुद्धा मनासारखं येत नाही. छोटेच साचे करायचे असतील तर डेंटिस्टना सामान देणाऱ्या दुकानात ५ इंची शीटचं छोटं मशीन मिळतं, हीटर आणि मोटर एकातच, साबणवाल्यांनी ते घ्यावं, सुतारकाम वाचतं. मोठं काम असेल तर मात्र घरचाच टेबल, माझा क्लीनर धरून दहा हजारांच्या आत बसला.

मोदकाचे साचे करून देशील का असं निम्म्या गावाने विचारलंय. नाही. मी आणतो त्या शीटवर खाण्यासाठी चालेल असं कुठेही लिहिलेलं नसतं, आणि वाफाळती उकड घातली की एचआयपीएस मऊ पडायला लागते. हाताने कळ्या पाडा.

पुढच्या उन्हाळ्यात कडेच्या आणि मधल्या नळ्यांना वेगवेगळे रेग्युलेटर लावणार आहे, आणि क्लीनरऐवजी फ्रीजचा कॉम्प्रेसर टाकीला जोडून बघायचाय. मालवण-कुडाळ साईडला कोणाकडे बंद फ्रीजमधला चालू कॉम्प्रेसर असेल तर कळवा, फक्त आतला गॅस मेकॅनिककडून नीट काढून घेतलेला हवा, भंगारवाल्याने पाईप कापून आणलेला नको, नव्या फ्रीजमधला बराचसा गॅस पेट घेणारा असतो.