नाजूक गालांसाठी दाढीचा ब्रश: डुकराचे केस, बॅजर की सिंथेटिक?

दाढीनंतर मान लाल होत असेल आणि घर गोव्यात असेल, तर माझं मत आधीच सांगून टाकतो: मऊ टोकांचा सिंथेटिक ब्रश घ्या. मात्र सिंथेटिक मागितल्यावर म्हापशाच्या बाजारात प्लास्टिकच्या मुठीचा, राठ नायलॉनचा जो ब्रश समोर येतो, तो नव्हे. त्याचे केस बुडापासून वरपर्यंत एकाच जाडीचे आणि शेंड्याला सपाट कापलेले असतात. गालाला टोचतं ते हे कापलेलं टोक. नव्या सिंथेटिक ब्रशचे केस टोकाकडे निमुळते होत जातात. जर्मनीच्या म्यूले कंपनीचा ‘सिल्व्हरटिप फायबर’ किंवा काळ्या केसांना पांढरी टोकं असलेला याकी कंपनीचा ‘टक्सेडो’ हातात घेतलात, तर त्या राठ ब्रशला आणि यांना ‘सिंथेटिक’ हे एकच नाव कसं पडलं याचं नवल वाटेल.

कुठलाही ब्रश पाहताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात: टोक किती मऊ आहे आणि कणा, म्हणजे केसांच्या झुपक्याचा मधला भाग, किती ताठ आहे. नाजूक त्वचेला टोक मऊ हवंच, पण कणा फार ताठ असला तरी मऊ टोकाचा उपयोग राहत नाही, कारण फेस पसरवताना आपण नकळत दाबतो. सिंथेटिक ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला कोरडाच फिरवून पाहा, बराचसा अंदाज तिथेच येतो. डुकराच्या केसांना ही परीक्षा लावू नका. ते भिजल्याशिवाय आपलं खरं रूप दाखवत नाहीत.

डुकराच्या केसांचा, म्हणजे बोअर ब्रश स्वस्त आणि दणकट. इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा आणि पोर्तुगालची सेमोग ही यातली मानाची नावं. हे केस पाणी पितात, म्हणून दाढीआधी काही मिनिटं भिजत ठेवावे लागतात. वापरता वापरता त्यांच्या टोकांना फाटे फुटतात आणि मग ब्रश खरोखर मऊ होतो. ‘थोडे दिवस जाऊ द्या, मऊ पडेल’ असं जुनी माणसं सांगतात, ते खरं आहे. अडचण एवढीच की ते ‘थोडे दिवस’ काही आठवड्यांचे असतात आणि तेवढ्यात मानेवर पुळ्या आलेल्या माणसाचे हाल होतात. नव्या ब्रशला जनावराचा वास येतो. एक-दोनदा शॅम्पूने धुतला की ओसरतो. डुकराचे केस घरात नकोत असं असेल, तर प्रश्नच मिटला.

बॅजर, म्हणजे त्याच नावाच्या रानटी प्राण्याच्या केसांचा, हा शौकिनांचा ब्रश. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा प्रती दुकानदार सांगतात, पण त्यांना सर्वमान्य मोजमाप नाही. साधारणपणे प्युअर सगळ्यांत खरखरीत आणि सिल्व्हरटिप सगळ्यांत मऊ. नाजूक गालांनी प्युअरच्या वाटेला जाऊ नये. चांगला सिल्व्हरटिप गालावर जाणवतसुद्धा नाही, हे मान्य. त्याचं दुसरं मोठं कौतुक म्हणजे तो गरम पाणी धरून ठेवतो. आता मे महिन्यात मडगावात गरम फेस कोणाला हवा आहे? किंमत भरपूर, आणि हे केस कातडीसह मिळतात, म्हणजे प्राणी मारला जातो. म्यूलेने बॅजर वापरणं बंद केलं आहे.

घोड्याच्या केसांचा ब्रश या दोहोंच्या मधला; आयाळ आणि शेपटीचे केस, त्यामुळे प्राणी जिवंत राहतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या अशा ब्रशांतून अँथ्रॅक्स हा रोग पसरला होता. आज ती भीती नाही, पण आपल्याकडे हा ब्रश सहज दिसतही नाही.

गोव्यात खरा निकाल लागतो पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथे पाणी प्यायलेले केस काय वाळणार! बोअर आणि बॅजर सकाळची ओल रात्रीपर्यंत धरून ठेवतात, आणि बाथरूमच्या बंद कपाटात ठेवले तर बुडाशी कुबट वास धरतात. लाकडी मूठ असेल तर तीही फुगते. सिंथेटिक केस पाणी पीत नाहीत. झटकून, टॉवेलवर टिपून खिडकीपाशी ठेवला की लवकर कोरडा होतो. टांगायचा की उभा ठेवायचा यावर लोक उगाच वाद घालतात; वारा लागला म्हणजे झालं. सिंथेटिकला उकळतं पाणी मात्र दाखवू नका. तो पाणी कमी धरत असल्याने फेस घोटताना अधूनमधून चार थेंब घालावे लागतात.

केसांच्या झुपक्याचा बुडाशी व्यास २४ मिलिमीटरच्या आसपास पुरे. केस थोडे लांब असले तर ब्रश अधिक नरम वागतो. फेस वाटीत घोटा आणि गालावर रंगाऱ्यासारखा वर-खाली लावा. गोल-गोल घासणं मानेला नको, विशेषतः जिथे केस कातडीत उलटे वाढतात तिथे. एवढं करूनही आग होत असेल, तर ब्रशआधी साबण बदला. मेंथॉल आणि उग्र सुगंध पुष्कळदा खरे गुन्हेगार असतात. तुरटीही जपूनच.

पुळ्या पिकलेल्या असतील किंवा दाढीत गजकर्णासारखे चट्टे दिसत असतील, तर ब्रश बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर दाढी करावीच लागली, तर बोटांनी लावायचं बिनब्रशचं क्रीम बरं. बुरशीचा संसर्ग निघाला तर तो ब्रश टाकूनच द्यावा. सलूनमधला सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला ब्रशही अशा त्वचेने टाळावा.

आणि इतकं वाचूनही बोअरच हवा असेल, तर दोन घ्या. एक वाळत असताना दुसरा वापरा. दोन मिळूनही चांगल्या सिल्व्हरटिपपेक्षा स्वस्तच पडतील.