ठिबकच्या लेआउटवर ॲनोटेटिव्ह अक्षरं: आठ महिन्यांनंतर

जळगावात मी ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिबक सिंचनाचे लेआउट, म्हणजे पाइपांचे नकाशे, काढतो. शेत मीटरमध्ये काढायचं, ए-थ्रीवर 1:500 ला छापायचं आणि कागद फिटरच्या हाती द्यायचा. पाच एकराचा तुकडा त्यावर आरामात बसतो.

गेल्या उन्हाळ्यात चोपड्याकडच्या एका केळीच्या रानात माझ्या ड्रॉइंगवरून सबमेनची (मुख्य पाइपातून फुटणाऱ्या उपपाइपाची) चारी पाच मीटर कमी खोदली गेली. 38 चा आकडा 33 वाचला गेला होता. फिटरने कागद पुढे धरला, "भाऊ, आठे काय लिखेल शे?" भर उन्हात मलाही वाचता येईना. ए-वनसाठी मांडलेला लेआउट मी ए-थ्रीवर छापला होता, त्यामुळे 2.5 मिमीचं अक्षर सव्वा मिमीवर आलं होतं. चूक सरळ माझी होती, आणि मजुरी त्या शेतकऱ्याची गेली. ते अजून मनाला लागतं.

ऑटोकॅडमध्ये ॲनोटेटिव्हची सोय, म्हणजे स्केल कुठलंही असो, कागदावर अक्षराची उंची तीच राहणं, 2008 च्या आवृत्तीपासून आहे. मी मात्र तोवर गुणाकार करूनच अक्षरं टाकत होतो: 1:500 ला 3 मिमी हवं तर उंची दीड मीटर, 1:1000 ला तीन मीटर. स्केल बदललं की सगळी मापं परत. आता अक्षरांच्या स्टाइलमध्ये कागदावरची उंची एकदाच लिहितो, बाकी हिशेब व्ह्यूपोर्टचं (कागदावर ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीचं) स्केल करतं.

पहिल्या आठवड्यात मात्र घाम फुटला. यादीतलं 1:500 निवडलं आणि एकच अक्षर अख्ख्या शिवारावर पसरलं! ते स्केल कागद आणि ड्रॉइंग दोन्हींचं एकक एकच धरतं. आमचं ड्रॉइंग मीटरमध्ये, कागद मिलिमीटरमध्ये. म्हणून कागदावरचा 1 बरोबर ड्रॉइंगमधला 0.5, असं स्वतःचं स्केल करून ठेवावं लागतं. मीटरमध्ये काम करणाऱ्याने हे सगळ्यात आधी करावं. माझे दोन दिवस त्यातच गेले.

दुसरी अडचण बाहेरून आलेल्या फाइलीत सापडली. डायमेन्शन स्टाइलमध्ये (लांबीची मापं कशी दिसावीत ते जिथे ठरतं) अक्षराची उंची कितीही बदला, मापाचा आकडा लहान-मोठा होईना. टेक्स्ट स्टाइलमध्ये कुणीतरी पक्की उंची भरून ठेवली होती. तिथे शून्य टाकलं की काम झालं. जुनी मापं स्टाइल बदलून आपोआप सुधारतीलच असंही नाही. ती निवडून स्टाइल पुन्हा लावतो.

स्केल बदलताच सगळ्या अक्षरांना नवं स्केल जोडणारं बटण मी बंदच ठेवतो. चालू होतं तेव्हा एकेका अक्षराला पाच-सहा स्केलं चिकटली आणि हलवाहलव करताना जीव मेटाकुटीला आला. व्ह्यूपोर्टला कुलूपही लावतोच. चुकून झूम झालं की स्केल बदलतं आणि अक्षरं गायब होतात.

मराठी नावांसाठी मंगल फॉन्ट ठेवलाय, कारण ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी उमटत नाही. मात्रा-वेलांट्यांमुळे त्याच उंचीत मराठी अक्षर बारीक वाटतं. म्हणून आकडे 3.5 मिमी, 'विहीर', 'बांध', 'फिल्टर' ही नावं 5 मिमी. प्रिंट 'फिट टू पेपर' (कागदात मावेल तसं लहान-मोठं) न करता काढतो, आणि पहिल्या कागदावर पट्टी लावून एक अक्षर मोजतोच. त्या फिटरने परवा नवा कागद घेतला आणि काही न विचारता थेट चारीची दोरी लावायला गेला.