आईसाठी घेतलेलं शुगरचं मशीन: कॉन्टूर प्लस, आठ महिने वापरून

आई ७६ वर्षांची, सदाशिव पेठेत एकटी राहते. रात्री इन्सुलिन घेते, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी शुगर बघून कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत आकडा लिहिते. बोटं कामानं राठ झालेली, त्यात हात थरथरतो. जुन्या मशीनवर थेंब जरा कमी पडला की एरर, पट्टी वाया. मग दुसरं बोट, दुसरी पट्टी. एकदा गेले तर ओट्यावर तीन वाया गेलेल्या पट्ट्या ओळीनं मांडून ठेवलेल्या. "तेवढ्यात लिटरभर दूध आलं असतं गं," म्हणाली. पुढच्या वेळी कालनिर्णयवर दोन चौकटी कोऱ्या दिसल्या. इन्सुलिन चालू आणि शुगर बघितलेली नाही! माझ्या पोटात गोळाच आला. नवं मशीन घ्यायचं त्याच दिवशी ठरलं.

जुनं मशीन एका शिबिरात फुकट मिळालेलं. नंतर त्याच्या पट्ट्या आमच्या भागात कुठेच मिळेनात. म्हणून या वेळी मशीनची किंमत विचारायच्या आधी घराजवळच्या तीन मेडिकलमध्ये "तुमच्याकडे कायम कुठल्या पट्ट्या असतात?" असं विचारत फिरले. अ‍ॅक्यु-चेक, वनटच आणि कॉन्टूर ही नावं उरली. मशीन एकदाच घ्यायचं असतं, पट्ट्या जन्मभर, त्यामुळे तुम्हीही सुरुवात पट्ट्यांपासून करा.

कॉन्टूर प्लस घेतलं ते एका सोयीसाठी. रक्त कमी पडलं तर मशीन बीप करतं आणि ३० सेकंदांच्या आत त्याच पट्टीला आणखी रक्त लावता येतं. आई शांतपणे बोट पुन्हा दाबते, पट्टीचं टोक थेंबाला टेकवते, ५ सेकंदांत आकडा येतो. तसा ०.६ मायक्रोलिटर एवढासा थेंब पुरतो. पट्ट्यांची नवी डबी उघडली की मशीनमध्ये तिचा कोड टाकायची भानगडही नाही.

आकडा खरा का, हे लॅबचा माणूस घरी आला तेव्हा ताडून पाहिलं. त्यानं शिरेतून रक्त घेतलं आणि लगेच आम्ही बोटातून बघितलं. लॅब १३२, मशीन १४१. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकात १०० च्या पुढे १५ टक्क्यांपर्यंत, १०० च्या खाली १५ अंकांपर्यंत फरक चालतो. त्या हिशेबानं समाधानकारक. मात्र अशी तुलना उपाशीपोटीच करा, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तात शुगर शिरेतल्यापेक्षा जास्त असते.

मशीन चांगलं असूनही आकडा फसवू शकतो. मे महिन्यात दुपारी आईचा घाबऱ्या आवाजात फोन, "२६८ आलीय गं." नातवंडांसाठी रस काढला होता आणि हात नुसतेच पदराला पुसले होते. म्हटलं, साबणानं हात धू, नीट कोरडे कर आणि परत बघ. १५४ आली. बोटाला लागलेला आंब्याचा रस रक्ताच्या थेंबात उतरला होता. तुमच्या घरात कुणी इन्सुलिनवर असेल तर हे सगळ्यांना सांगून ठेवा. उगाच वाढलेला आकडा बघून कुणी डोस वाढवला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

पट्ट्यांना दमट हवा चालत नाही. गावाला जाताना आई दहाएक पट्ट्या स्टीलच्या डबीत काढून न्यायची, ते बंद केलं. आता मूळ डबीच न्यायची, पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायची, तिथे कमी दुखतं.

खटकतो तो खर्च. ५० पट्ट्यांना मला अकराशेच्या आसपास पडतात, आणि पेन्शनवर राहणाऱ्याला हे महागच आहे. पट्ट्या मीच आणते आणि बिल आईला दाखवत नाही.