आधी बॅटरी, मग डायनॅमो: जुन्या गाडीच्या मालकाला असं लुटतात

ओळखीच्या एका कुटुंबाची कार्बोरेटरवाली मारुती ८००. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जेमतेम फिरायचं, रात्री हेडलाइट पिवळे पडायचे. गॅरेजवाल्याने बॅटरीला लोड टेस्टर (भार टाकून बॅटरी तपासायचं यंत्र) लावला, काटा लाल पट्ट्यात गेलेला दाखवला, "सेल गेलाय" म्हणाला आणि नवी बॅटरी बसवली. काही दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. आता "डायनॅमो चार्ज करत नाही" असं निदान झालं. गॅरेजच्या भाषेत डायनॅमो म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. अल्टरनेटर बदलला, तोही रीकंडिशन केलेला, पण पैसे नव्याचे. जुनी बॅटरी आणि जुना अल्टरनेटर दोन्ही गॅरेजमध्येच राहिले. दोष होता गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेत. बोल्टखाली गंज, आतली तांब्याची जाळी हिरवी पडून अर्धी तुटलेली.

ही लूट पचते, कारण दाखवलेलं रीडिंग खोटं नसतं. उतरलेली बॅटरी लोड टेस्टरवर नापास होणारच. ती आधी पूर्ण चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मग तपासायची असते. तेव्हा १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली गेली तरच तिच्यावर संशय घ्यायचा. नवी बॅटरी भरलेली येते आणि ती बसवताना वायरींचे क्लॅम्पही घासून साफ होतात, म्हणून थोडे दिवस सगळं सुरळीत वाटतं. पण अर्थिंग खराब असल्याने चार्जिंग पूर्ण पोचत नाही आणि नवी बॅटरीही उतरत जाते.

खिशातून पैसे काढण्याआधी साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची प्लसची वायर काढलेली. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नाही, कारण बिघाड बरेचदा या दोघांच्या मधेच असतो. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड व्होल्ट दिसला तर अर्थिंगमध्ये दोष आहे, बॅटरीत नाही. प्लसच्या बाजूला खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. आणखी एक खूण: सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते. अर्थिंगमधून वाट मिळाली नाही की करंट तिथून जातो.

डायनॅमोचंही तसंच. काढलेली वायर किंवा फ्यूज परत लावा. इंजिन थोडं रेझ करून, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर लगेच डायनॅमोला दोष देऊ नका. त्याच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर पिना टेकवा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३ असतील तर डायनॅमो चांगला आहे, मधली वायर किंवा अर्थिंग खराब आहे. तिथेही कमी असेल तर आधी पट्टा: अंगठ्याने दाबून सेंटीमीटरभराहून बराच जास्त वाकत असेल तर सैल आहे. मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा. चावी फिरवल्यावर तो लागतच नसेल तर बल्ब उडाल्यामुळेही काही गाड्यांत डायनॅमो उठत नाही. त्यानंतर कार्बन (आतले घासणारे ब्रश) आणि कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर). कार्बन झिजले असतील तर अख्ख्या अल्टरनेटरच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात बदलतात. १५ व्होल्टच्या वर जात असेल तर कटआउट गेला आहे. तशीच चालवली तर बॅटरी उकळून मरेल.

चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून "बघा, बंद पडली, म्हणजे डायनॅमो गेला" असं दाखवणाऱ्याला तिथेच थांबवा. त्या झटक्यात अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात, इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा. मग तेही बिल तुमच्याच माथी.

लाइट मंद आहेत म्हणून १००/९० वॉटचे बल्ब खपवणंही याच जातीचं. जुन्या वायरिंगवर ते होल्डर वितळवतात. होल्डरवर व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. ६०/५५चेच बल्ब ठेवून रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारा स्विच) आणि जाड वायर टाकली की फरक दिसतो.

काम देताना आधीच सांगा की काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा. जुनी बॅटरी भंगारात दिली तर तिची किंमत बिलातून वजा झालेली दिसली पाहिजे. बिलावर बॅटरीचा सीरियल नंबर आणि गाडीचा नंबर घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आपल्यासमोर टाकून घ्या, आणि किती महिने फुकट बदली, किती महिने प्रोरेटा (वापरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने पैसे भरून बदली) हे विचारा. अल्टरनेटर नवा की रीकंडिशन, हे बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर गाडी उचलून दुसरीकडे न्या. पैसे देऊन झाले असतील तर बिल आणि रीडिंगचे फोटो हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा.