जुना बोर्ड, एकच आरसीसीबी की सर्किटवार संरक्षण: सांगलीतल्या गाळेमालकांनी काय निवडावं

सांगलीत हरभट रोड, गणपती पेठ, मारुती चौक, खणभाग या भागात ज्याची व्यापारी इमारत आहे, त्याच्यापुढे मीटरशेजारच्या बोर्डाचा प्रश्न कधी ना कधी येतोच. एखादा गाळेधारक एसी बसवायला निघतो, महावितरणकडे भार वाढवून मागतो, त्यासाठी टेस्ट रिपोर्ट लागतो. मग ठेकेदार बोर्ड उघडतो आणि आत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, लाकडी फळी, दोन-तीन वायरमनांच्या हातची जोडाजोड. आठवड्याभरात तीन प्रकारची कोटेशनं येतात. एकात आहे तोच बोर्ड ठेवून किटकॅटच्या जागी एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहावर आपोआप पडणारा (वीज तोडणारा) स्विच. दुसऱ्यात नवा डीबी (वीज सर्किटांत वाटणारा बोर्ड) आणि सगळ्यांना मिळून एक आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळाली की पडणारा स्विच. तिसऱ्यात नवा डीबी, पण गळतीचं संरक्षण सर्किटवार वाटलेलं. नजर साहजिकच शेवटच्या आकड्याकडे जाते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या पर्यायावर पैसे घालू नयेत. दुसरा एकट्या, लहान दुकानाला पुरतो. जिथे फ्रीजमधला माल, संगणक किंवा एकापेक्षा जास्त भाडेकरू आहेत तिथे तिसराच घ्यावा. पुराच्या पट्ट्यात मात्र या तिन्हींच्या आधी बोर्ड कुठे बसणार हे ठरवावं लागतं. त्याकडे पुढे येतोच.

जुन्या बोर्डात नवी एमसीबी

किटकॅट ही मुळात वाईट वस्तू नाही. योग्य जाडीची तार असेल तर तो आपलं काम करतो. अडचण तारेची आहे. दिवाळीच्या गर्दीत संध्याकाळी सातला फ्यूज उडाला की कोणी तार मोजत बसत नाही. हाताला लागलेल्या फ्लेक्सिबल वायरचे चार पदर पिळून लावले जातात, पुन्हा उडाला तर सहा. त्यानंतर तो फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापायला लागते. जुन्या बोर्डांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते, ती म्हणजे न्यूट्रललाही (परतीच्या तारेलाही) फ्यूज. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो आणि लाइन गेली असं वाटतं, पण पॉइंटपर्यंत फेज जिवंतच असतो. म्हणूनच न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच टाकायला नियमांची परवानगी नाही. तोडायचाच तर फेजसोबत एकदम तुटला पाहिजे.

त्या मानाने एमसीबी कितीतरी बरी. आयएस/आयईसी ६०८९८ मानकाप्रमाणे, नोंदलेल्या अँपिअरच्या १.४५ पट प्रवाह गेला तर तिने तासाभरात पडायलाच हवं. शॉर्ट सर्किट झालं तर सी कर्व्हची एमसीबी पाच ते दहा पट प्रवाहावर क्षणात पडते. पण एमसीबी वायरला वाचवायला असते, आणि जुन्या बोर्डात वायर तीच राहते. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी मी कितीतरी दुकानांत बघितली आहे. लावणाऱ्याचा हेतू एकच, सारखी पडू नये. तशी ती पडतही नाही.

असा एखादा बोर्ड खाली उतरवून वायरची टोकं बघा. ॲल्युमिनियमची तार असेल तर स्क्रूखाली पांढरी भुकटी साचलेली दिसते, तिथे पकड सैल झालेली असते. स्क्रूपासून बोटभर अंतरापर्यंत इन्सुलेशन तपकिरी पडलेलं असतं आणि वाकवलं की पापडासारखं मोडतं. त्या टोकाला नवी कोरी एमसीबी जोडली तरी तापायची जागा जिथल्या तिथे राहते. सैल जोडातून जाणारा प्रवाह मर्यादेतच असतो, त्यामुळे एमसीबीला त्यात काही वावगं दिसत नाही. लाकडी फळीला मात्र ती धग रोज लागते. बाहेरून नवं दिसतं म्हणून मालक निर्धास्त होतो, आणि या पर्यायात मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

सगळ्यांसाठी एक आरसीसीबी

माणसाला मारायला लागणारा प्रवाह इतका थोडा असतो की १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. आरसीसीबी वेगळ्या पद्धतीने काम करते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती सतत तोलत असते. फरक पडला म्हणजे तो कुठूनतरी जमिनीत चालला आहे, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. माणसांच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची घेतात, आगीच्या संरक्षणासाठी मेनवर १०० किंवा ३०० ची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांप्रमाणे अगदी लहान भार सोडले तर अशा गळतीरोधक उपकरणाशिवाय वीजजोडणी चालत नाही, त्यामुळे बहुतेक व्यापारी गाळ्यांना ती हवीच. एवढं लक्षात ठेवा की आरसीसीबीला जादा भार कळत नाही, तिच्यामागे एमसीबी असावीच लागते. कोटेशनमध्ये ‘ईएलसीबी टाकली’ (आरसीसीबीला बाजारात असंही म्हणतात) एवढंच लिहिलेलं असेल तर किती मिलिअँपिअरची, किती पोलची आणि कोणत्या टाइपची, हे विचारून घ्या.

एका आरसीसीबीचा तोटा आठवड्यातच कळतो. संगणक, बिलिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या फिल्टरमधून थोडी गळती कायम होत असते, साधारण एकेका संगणकामागे मिलिअँपिअरभर धरा. ३० ची आरसीसीबी मानकाप्रमाणे १५ ते ३० च्या मध्ये केव्हाही पडू शकते. म्हणजे पंधरा-वीस यंत्रांच्या कार्यालयात कोणताही दोष नसताना ती पडायला लागते, आणि पडली की अख्खं दुकान अंधारात. पावसाळ्यात बाहेरच्या पाटीच्या दिव्यात पाणी शिरलं तरी आतला फ्रीज बंद. मग दोन दिवसांनी वायरमन म्हणतो, ‘शेठ, सारखी पडतीय, थेट जोडू का?’ आणि शेठ ‘जोड’ म्हणतात. बोर्डावर आरसीसीबी दिसत राहते, तिच्यातून काहीच जात नाही.

इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, यूपीएस असतील तर टाइप ए ची आरसीसीबी मागा. स्वस्तातली ‘टाइप एसी’ची आरसीसीबी (हा एसी म्हणजे वातानुकूलन नव्हे) अशा उपकरणांतल्या दोषाचा प्रवाह नीट ओळखत नाही. दुसरं, बॅटरीवरचा इन्व्हर्टर. त्याच्या आउटपुटला स्वतंत्र आरसीसीबी नसेल तर लाइट गेल्यावर त्या सर्किटवर गळतीचं संरक्षण उरत नाही. नेमक्या त्याच वेळी काळोखात कोणीतरी बोर्डाला हात घालत असतं.

सर्किटवार वाटलेलं संरक्षण

यात दोन मार्ग आहेत. प्रत्येक सर्किटला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच साच्यात. किंवा थ्री फेज असेल तर दर फेजला एक आरसीसीबी आणि तिच्याखाली त्या फेजच्या एमसीबी. आरसीबीओ साध्या एमसीबीच्या कित्येक पट महाग पडते, त्यामुळे मधला मार्ग बहुतेकांना परवडतो: फ्रीज, सर्व्हर आणि बाहेरची पाटी यांना स्वतंत्र आरसीबीओ, बाकी सगळं फेजवार. मेनवर एमसीसीबी (मोठ्या भाराची एमसीबी) आणि ३०० मिलिअँपिअरचं वेळ घेऊन पडणारं, एस टाइपचं संरक्षण. मग पाटीत पाणी शिरलं तर पाटीच बंद होते. मिरजेत दवाखान्यांच्या आसपास औषधांची दुकानं आहेत. लशींचा फ्रीज रात्रभर बंद राहिला तर किती माल जातो, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

खर्च वाढतो तो उपकरणांपेक्षा न्यूट्रलपायी. जुन्या इमारतींत तीन-चार सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल फिरवलेला असतो, कधी तर शेजारच्या गाळ्यातून आणलेला. आरसीबीओ लावायची तर प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा करून त्याच आरसीबीओतून परत आणावा लागतो. तसं केलं नाही तर पहिल्याच दिवशी सगळ्या पडतात आणि दोष उपकरणाच्या माथी मारला जातो. म्हणून ज्याने वायरिंग न उघडता, नुसती बोर्डाची रुंदी बघून सर्किटवार संरक्षणाचं कोटेशन दिलं, त्याचा आकडा पुढे हमखास वाढतो.

थ्री फेजच्या इमारतीत मेन न्यूट्रलची लिंक उघडून दाखवायला सांगा. ती सैल झाली किंवा जळाली तर ज्या फेजवर भार कमी, तिथल्या २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या आसपास दाब जाऊ शकतो. तीन गाळ्यांतले टीव्ही आणि संगणक एका झटक्यात जातात. यावर एमसीबी काही करत नाही, आरसीसीबीही नाही. लग (केबलच्या टोकाची टोपी) नीट दाबून, स्क्रू मोजून आवळणं किंवा जादा दाबावर तोडणारा रिले बसवणं, एवढेच उपाय.

पुराच्या पट्ट्यात उंचीचा विचार

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याआधी २००५ मध्ये आलं होतं, नंतर २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. तुमच्या भिंतीवर २०१९ ची खूण अजून असेल. नसेल तर शेजारच्याला विचारा, पेठेत ती खूण सगळ्यांना तोंडपाठ असते. डीबी तिच्या वर हातभर तरी बसवा. शक्य असेल तर पोटमाळ्यावर, आणि केबल खालून चढवण्याऐवजी वरून उतरवा. जमिनीलगतच्या सॉकेटांना वेगळी सर्किटं द्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर तेवढी बंद ठेवून वरचा मजला चालू करता येतो. मीटर मात्र महावितरणकडे अर्ज करूनच हलवायचा.

बुडालेली एमसीबी, एमसीसीबी, आरसीसीबी वाळवून वापरू नये. कितीही महाग असली तरी फेकायचीच. बुडालेल्या एमसीबीचा साचा फोडून बघितला तर आर्क (वीज तुटताना उडणारी ठिणगी) विझवणाऱ्या पट्ट्यांच्या फटीत बारीक गाळ घट्ट बसलेला असतो. हेअर ड्रायरने वाळवून लिव्हर वरखाली होतोय म्हणून ती ‘चालते’ असं म्हणतात. शॉर्ट सर्किटच्या वेळी ती आर्क तोडेल का, याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. पत्र्याची पेटी आणि तांब्याचे बसबार (वीज वाटणाऱ्या पट्ट्या) धुऊन, तपासून परत घेता येतात. या हिशेबाने खाली बसवलेला महागडा आरसीबीओचा डीबी एका पुरात पूर्ण जातो, आणि वर बसवलेला साधा डीबी टिकतो.

छतावर सोलर असेल तर गाळ्यातली वीज बंद केली तरी पॅनलपासून येणाऱ्या डीसी केबल ऊन असेपर्यंत जिवंत असतात. त्यांचा आयसोलेटर (तोडायचा स्विच) वरच ठेवा, तळमजल्यावर आणू नका.

जिथे पाणी चढत नाही तिथे धूळ बघा. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामात उघड्या बोर्डावर पिवळा थर साचतो, पावसाळ्यात तो ओल धरतो. तिथे धुळीपासून पुरेसं संरक्षण देणारी, आयपी ५४ ची पेटी घ्यावी.

कागदपत्रं

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं आणि टेस्ट रिपोर्टवर सही त्याचीच चालते. बोर्डासमोर एक मीटर जागा मोकळी हवी, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त हाच नियम मोडतो, कारण तिथे खोकी रचलेली असतात. मागच्या बाजूला उघडे जोड असतील तर भिंतीपासून अंतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा ७५ पेक्षा जास्त असावं, मधलं चालत नाही. धोक्याची पाटी आणि शॉक लागल्यावर काय करायचं याचा मराठीतला तक्ता दर्शनी भागात लावा. मंगल कार्यालयासारखी, जिथे नेहमी शंभर किंवा जास्त माणसं जमतात अशी जागा असेल, तर वीज कायदा २००३ च्या कलम ५४ प्रमाणे वापर सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकांना किमान सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत द्यायचा फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला) ज्यांना लागू आहे, त्यांनी तो दिला म्हणून बोर्डाची तपासणी झाली असं धरू नये, ते वेगळं काम आहे.

कोटेशन पक्कं करताना ठेकेदाराकडून दोन गोष्टी लिहून घ्या. एक, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) प्रत्येक सर्किटची नोंद, आणि एक मेगओहमपेक्षा कमी आलेलं सर्किट दुरुस्त होईपर्यंत नव्या डीबीला जोडणार नाही अशी अट. दोन, काम झाल्यावर प्रत्येक आरसीसीबीचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबून दाखवणं. पेमेंटचा शेवटचा हप्ता त्यानंतर.